लेकराची ठेव



आजचं वाचन: श्रीगुरुचरित्र, अध्याय ११ आणि १२

ज्यांनी सप्ताह केलाय त्यांना हे दोन अध्याय चांगले माहीत आहेत. अकराव्यात श्रीनृसिंह सरस्वतींचा कारंज्याला जन्म होतो. वडील माधव, आई अंबा. मूल ॐकाराशिवाय काहीच बोलत नाही, आईवडील काळजीने अर्धे होतात. मग मुंज लागते, आई भिक्षा वाढते आणि ज्याला सगळे मुका समजत होते तो मुलगा वेद म्हणायला लागतो. घरात आनंदीआनंद. पण लगेच तो आईकडे घर सोडून जायची परवानगी मागतो. आई कोसळते. तो तिला समजावतो, तुला आणखी मुलं होतील असा आशीर्वाद देतो आणि जुळी भावंडं जन्माला येईपर्यंत घरी थांबतो. त्यानंतर मात्र निघतो.

माझं गाव धनज, कारंजा तालुक्यातलं. त्यामुळे ही कथा आमच्यासाठी पोथीतली कमी आणि शेजारची जास्त. लहानपणी ऐकताना सगळं लक्ष चमत्काराकडे असायचं. यावेळी वाचताना आईमुलाच्या त्या बोलण्यापाशी थांबलो. मुलावर जीव असणाऱ्या आईवडिलांनी त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल किती ठरवायचं? आणि त्याच्यासाठी काय राखून ठेवायचं?

हा प्रश्न सध्या डोक्यात असण्याचं एक कारण आहे. काही दिवस मी एका विषयावर वाचतोय: कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या लहान मुलांची पुढे आईबाप होण्याची क्षमता जपायची का, आणि ते कोणी ठरवायचं. विषय जड आहे, मान्य. रोजच्या चिंतनात असले विषय येत नाहीत. पण पोथी जर जड दिवसांसाठी नसेल, तर मग ती कशासाठी?

आधी परिस्थिती समजून घेऊ. आमच्या भागात एखाद्या लेकराला कॅन्सर निघाला की घरचे नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयात जातात, नाहीतर मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला. मुंबईत राहायचं कुठे, हा पहिला प्रश्न. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आज कितीतरी कॅन्सर रुग्णांचं आणि त्यांच्या नातेवाइकांचं मुंबईतलं घर आहे. तो पहिला आठवडा कसा जातो, ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच ठाऊक. रिपोर्ट, रक्ताच्या बाटल्या, शेतावर घेतलेलं कर्ज, गावाकडून येणारे फोन. डॉक्टर म्हणतात, परवापासून केमो सुरू करू.

त्याच आठवड्यात एक प्रश्न विचारायचा असतो: या औषधांनी माझ्या मुलाला पुढे मूल होण्यात अडचण येईल का? सहा वर्षांच्या लेकराच्या उशाशी बसलेल्या बापाला हा प्रश्न सुचणारच नाही. सुचला तरी विचारायची लाज वाटेल. लेकरू वाचेल की नाही ते माहीत नाही आणि आपण नातवंडांचा विचार करतोय?

पण बहुतेक वेळा लेकरू वाचेल की नाही, याचं उत्तर आपल्या भीतीपेक्षा चांगलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण कमी आहे. म्हणून २०१८ साली या संघटनेने लक्ष्य ठेवलं की २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत. म्हणजे आज वॉर्डात झोपलेल्या मुलांपैकी पुष्कळ जण उद्या पंचविशीचे होणार, नोकरी करणार, लग्न करणार. आपल्याकडे हे लवकर ओळखलं गेलं. टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना १९९१ मध्ये सुरू झाला. पुढे २००९ मध्ये, लहानपणी कॅन्सरमधून बरं झालेल्यांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. बरं होणं म्हणजे गोष्ट संपणं नव्हे, पुढे लांबलचक आयुष्य आहे, हे त्यामागचं साधं गणित.

आता थोडं विज्ञान. केमोची काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइडच्या घराण्यातली, मोठ्या मात्रेत दिली तर अंडाशयातली अंडी किंवा वृषणातल्या शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशी मारतात. ओटीपोटावर किंवा पूर्ण शरीरावर दिलेलं रेडिएशनही तेच करतं. मुलगी अंड्यांचा साठा जन्मतःच घेऊन येते. जन्माच्या वेळी १० ते २० लाख, वयात येईपर्यंत तीनेक लाख. त्यात नव्याने भर पडत नाही. साठा जळाला की पाळी लवकर बंद होऊ शकते. मुलांमध्ये फसवा प्रकार होतो. पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी चिवट असतात, त्यामुळे आवाज फुटतो, दाढीमिश्या येतात, सगळं नीट दिसतं. पण शुक्राणू नसतात. हे कळतं लग्नानंतर, सगळ्यात वाईट वेळी.

प्रत्येक मुलाचं असं होत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा रक्ताचा कॅन्सर म्हणजे एएलएल. त्याच्या नेहमीच्या उपचारांत हा धोका बहुधा कमी असतो. म्हणून तर विचारायचं. पुष्कळदा उत्तर दिलासा देणारंच येतं.

धोका जास्त असेल तर काय करता येतं? मुलगा वयात आलेला असेल तर वीर्याचा नमुना द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवता येतो. एकदोन दिवसांचं काम. मुलगी वयात आलेली असेल तर अंडी गोठवता येतात, पण त्याला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि तेवढा वेळ प्रत्येक आजार देत नाही. त्याहून लहान मुलींसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून अंडाशयाचा काही भाग काढून गोठवतात आणि मोठेपणी परत शरीरात बसवतात. अशा पद्धतीने पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. तिथली आई उपचारांच्या वेळी प्रौढ होती. २०१६ मध्ये लंडनमध्ये एका तरुणीला बाळ झालं, तिचं अंडाशय ती नऊ वर्षांची असताना, थॅलेसेमियाच्या उपचारांआधी गोठवलेलं होतं. वयात न आलेल्या मुलांसाठी वृषणाचा बारीक तुकडा गोठवतात, पण ही पद्धत अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत अशा तुकड्यापासून माकडाचं पिल्लू जन्माला आलं, ही त्यातली मोठी पायरी. रक्ताच्या कॅन्सरमध्ये आणखी एक गुंता आहे. जपलेल्या तुकड्यातच कॅन्सरच्या पेशी लपलेल्या असू शकतात, आणि तो परत बसवणं म्हणजे आजाराला पुन्हा घरात घेणं.

आपण आयटीवाले लगेच म्हणतो, अरे, हा तर बॅकअप! बरोबर आहे, पण अर्धं. ज्याने कधी मध्यरात्री सर्व्हर उभा केलाय त्याला माहीत आहे की बॅकअप घेतलाय आणि डेटा परत मिळाला, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मधे खूप काही बिघडू शकतं. इथेही तसंच. गोठवलेल्या नमुन्यातून मूल होईलच, अशी हमी कोणी देत नाही, आणि कोणी देत असेल तर त्या दारातून बाहेर पडा.

मग आता आपल्यासारख्यांचा खरा प्रश्न. भक्ताने हे करावं का?

एक आवाज म्हणतो, पोर वाचलं तेच देवाचे उपकार, पुढचं देव बघेल. हा आवाज मी गावात ऐकलाय आणि मला त्याच्याबद्दल आदर आहे. त्यात कृतज्ञता आहे. पण नीट बघा, हेच घर केमो घेताना 'देव बघेल' म्हणून घरी बसलेलं नसतं. ते रात्रीची गाडी धरून परळला गेलेलं असतं. गाडगेबाबा वऱ्हाडातले, शेंडगावचे. रोग्याला औषधोपचार मिळवून देणं हे त्यांच्या दशसूत्रीत देवाच्या कामातच मोजलंय. धर्मशाळा बांधणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही की रुग्णाच्या झोपण्याची सोय तुम्ही का करता, देव नाही का करणार? प्रयत्न करणं आणि देवावर सोडणं यांत भांडण नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला काम टाकून दे असं कुठेच म्हणत नाहीत. कामाच्या फळावरचा हक्क सोड, एवढंच सांगतात.

दुसरा आवाज याच्या उलट असतो आणि मला त्याची जास्त भीती वाटते. काहीही करा, कितीही पैसे लागू द्या, वंश चालला पाहिजे. मुलगा असेल तर हा आवाज चढतो. मुलगी असेल तर त्याचा सूर बदलतो: हिला मूल होणार नाही हे कळलं तर लग्न कोण करेल? मग उपचारांची कागदपत्रं कपाटाच्या तळाशी जातात आणि पोरीला सांगितलं जातं, सासरी बोलू नकोस. या दोन्ही बोलण्यांत ते आजारी लेकरू कुठे आहे? ते वंशाचं साधन झालं, नाहीतर स्थळाचा प्रश्न. त्याचं शरीर, त्याचं पुढचं आयुष्य, हे सगळं आपल्या मालकीचं असल्यासारखं आपण बोलतो.

मराठीत एक शब्द आहे, ठेव. कोणी विश्वासाने आपल्याकडे सोपवलेली वस्तू. ठेव जपायची असते, वापरायची नसते. मालक परत आला की जशीच्या तशी द्यायची. त्याने ती खर्चावी, दान करावी की नदीत सोडावी, यावर आपण बोलायचं नसतं. मला वाटतं, या प्रश्नात आईवडिलांची जागा बरोबर इथे आहे. जपलेला नमुना ही नातवंडाची तयारी नाही, लेकराची ठेव आहे. सहा वर्षांचं मूल निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून ते पंचवीस वर्षांचं होईपर्यंत आपण तो निर्णय उघडा ठेवतो. बस, इतकंच. पुढे त्याने मूल हवं म्हटलं तर ठीक. दत्तक घेतलं तर ठीक. लग्नच केलं नाही तरी ठीक. ज्या ज्ञानोबांना अवघा महाराष्ट्र 'माउली' म्हणतो, त्यांना मूलबाळ नव्हतं. आईपण कुठून येतं, याचं उत्तर आपल्या परंपरेने केव्हाच देऊन ठेवलंय.

त्याच वेळी मूल हवंसं वाटणं ही काही हलकी इच्छा नाही. गुरुचरित्राच्या ३९व्या अध्यायात साठीच्या एका वांझ स्त्रीवर स्वामी कृपा करतात, आणि आजही किती घरांत तो अध्याय डोळ्यांत पाणी आणून वाचला जातो. ज्या पोथीत मुलगा घर सोडून संन्यास घेतो, त्याच पोथीत एका म्हातारीची मुलाची आस पुरवली जाते. पोथीने दोन्ही वाटांना जागा दिली. आपणही द्यावी.

ठेव कोणाची, हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. मुंबईतला एक अविवाहित तरुण, कॅन्सर झालेला. केमोआधी त्याने वीर्य गोठवून ठेवलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गेला. फॉर्मवर त्याने लिहून दिलं होतं की माझा मृत्यू झाला तर नमुना नष्ट करा. आईचं म्हणणं होतं की हे त्याने घरी न विचारता लिहिलं. वंश पुढे चालावा म्हणून तिला तो नमुना हवा होता. न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत तो जपून ठेवायला सांगितलं, नाहीतर निकालाआधीच प्रश्न संपून गेला असता. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका तरुणाचा नमुना त्याच्या आईवडिलांना द्यायला परवानगी दिली होती. पण तिथे मुलाने नष्ट करा असं म्हटलेलं नव्हतं, आणि न्यायालयाने मुलाची संमती हाच आधार मानला.

त्या मुंबईच्या आईला नावं ठेवायचा अधिकार तुम्हाला-मला नाही. अंबेने काय वेगळं केलं होतं? तीही म्हणत होती, तू गेलास तर आमचं कोण? पण पोथी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. मुलगा आईच्या दुःखासाठी थांबतो, तिची सोय लावतो, तिच्याशी बोलतो. तरीही शेवटी स्वतःच्या आयुष्याचा निर्णय तो स्वतःच घेतो, आणि अंबा त्याला निरोप देते. माझ्या मते या दोन अध्यायांतला अवघड चमत्कार तोच. मुक्या मुलाने वेद म्हणण्यापेक्षा आईने हात सोडणं अवघड. कायद्याचं उत्तर न्यायालय देईल. पण मला विचाराल तर त्या तरुणाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य जड आहे. ठेवीच्या मालकाने बोलून ठेवलं होतं.

मग लहान मुलांचं काय, ज्यांना लिहितासुद्धा येत नाही? सही आईवडिलांचीच असते, १८ वर्षांपर्यंत तीच चालते. पण सही आपली असली तरी आवाज लेकराचा असू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनासाठी असं सांगितलंय की ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यावा, आणि १२ ते १८ च्या मुलाचा लेखी. प्रायोगिक पद्धतींना तर हे थेट लागू होतं, पण मला त्यामागची भावना सगळीकडे लागू वाटते. दहा वर्षांच्या मुलीला 'प्रजननक्षमता' कळणार नाही. पण "औषधाने पोटातल्या एका नाजूक भागाला इजा होऊ शकते, तो थोडासा काढून तुझ्यासाठी जपून ठेवूया का? मोठी झालीस की तुझं तू ठरव," हे कळतं. चौदा वर्षांच्या मुलाला डॉक्टरसोबत पाच मिनिटं एकट्याने बोलू दिलं, तर बापासमोर जे विचारता येणार नाही ते तो विचारतो.

आणि नंतर सांगायचं. हा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. बरं झालेल्या मुलाला आईवडील त्या दिवसांबद्दल काहीच सांगत नाहीत, त्याला वाईट वाटू नये म्हणून. पण ज्या ठेवीबद्दल मालकालाच माहीत नाही, ती ठेव कसली? कोणती औषधं किती दिली, काय जपलं, कुठे जपलं, साठवणुकीचं भाडं कधी भरायचं, हे सगळं एका फाईलमध्ये ठेवून ती फाईल अठराव्या वर्षी त्याच्या हातात द्यावी. काहीच जपलं नसेल तरीही द्यावी. लग्न ठरताना लपवायची नाही, आपणहून सांगायची वस्तू म्हणून.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ज्यांना हे जमलं नाही, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. आजार थांबायला तयार नव्हता, जवळपास सोय नव्हती, पैसे नव्हते, कोणी सांगितलंच नाही, कारण काहीही असो. लेकराचा जीव आधी, बाकी सगळं नंतर. हा क्रम कोणताही डॉक्टर आणि कोणताही संत बदलणार नाही. धर्मशाळेत एका वेळच्या जेवणाचा हिशोब करणाऱ्या बापाने दरवर्षीचं भाडं भरून नमुना ठेवला नाही, तर त्याने लेकराचं काही हिरावून घेतलं नाही. ठेव ठेवायला तिजोरी लागते, आणि ती सगळ्यांना परवडेल अशी करणं हे समाजाचं काम आहे. गाडगेबाबा आज असते तर त्यांनी त्यासाठीही झोळी फिरवली असती, असं मला वाटतं.

आजचा संकल्प

ओळखीत कोणाच्या लेकराचे कॅन्सरचे उपचार सुरू होणार असतील, तर पहिल्या केमोच्या आधी हा एक प्रश्न डॉक्टरांना विचारायची त्यांना हळुवार आठवण करून द्या. विचारायला दोन मिनिटं लागतात. उत्तर काहीही आलं तरी त्यांच्या सोबत राहा.

आणि आपल्या घरातल्या मुलांकडे बघताना, ती आजारी नसली तरीही, अंबेचा निरोप आठवा. ती आपली आहेत, आपल्या मालकीची नाहीत.

हे दत्तात्रेया, जे तुझं आहे ते जपायचं बळ दे, आणि वेळ आली की सोडायचं बळही दे.

श्री गुरुदेव दत्त!